सन पंच्याऐंशीचा ओटा

"ओटा खाली घ्या, खाली!" सबनीस ओरडले, आणि ओटा वर आला.

वर म्हणजे थेट माझ्या छातीपर्यंत. परातीतलं पीठ माझ्या नव्या कोऱ्या नायलॉनच्या साडीवर सांडलं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसांनी तोंडं फिरवून हसू दाबलं. ओट्याखाली पांढऱ्या पत्र्याचं चकचकीत कपाट होतं. त्याच्या आतून घोगरा आवाज आला, "सायेब, वर म्हनला का खाली? हितं आत कायबी ऐकू येत न्हाई."

तो हिंदूराव. आमच्या पेठेतल्या तालमीतला पैलवान. कपाटात उकिडवा बसून त्यानं सगळा ओटा मानेवर घेतला होता. बटण दाबलं की ओटा आपोआप वरखाली होतो असं चित्रपटात दिसणार होतं. बटण मी दाबायची आणि बैठक हिंदूरावानं काढायची. बैठका काढण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता, त्यामुळे ओटा असा अलगद वर यायचा की खऱ्या यंत्रानं मान खाली घालावी. फक्त आतून ऐकू येत नव्हतं, एवढीच अडचण.

हे साल अठ्ठावन्न. अरुणोदय इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीनं जाहिरातीसाठी एक छोटा चित्रपट काढायला घेतला होता. थिएटरात मुख्य खेळाच्या आधी तो फुकट दाखवायचा. सन पंच्याऐंशीत आपलं घर कसं असेल, गाडी कशी असेल, स्वयंपाक कसा होईल, हे लोकांनी बघावं आणि तोवर निदान कंपनीची विजेची शेगडी तरी विकत घ्यावी, असा बेत. दिग्दर्शक सबनीस पुण्याचे. सेट बांधायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं.

आमचे हे, दिनकर सुतार, स्टुडिओत सेट उभे करायचे. तोवर त्यांनी राजवाडे बांधले, इंद्राचा दरबार बांधला, एकदा तर रुखवतासारखी मांडलेली लंकासुद्धा. कंपनीनं पाठवलेली रंगीत चित्रांची इंग्रजी मासिकं घेऊन ते दोन दिवस नुसते बसून राहिले.

"राजवाडं मी डोळं झाकून बांधीन," ते मला म्हणाले. "पर ह्यातलं एकबी यंत्र माझ्या बापानं बघितलेलं न्हाई."

आणि तरी बांधलं! आजही आठवलं की माझा ऊर भरून येतो. जुन्या फोर्डच्या सांगाड्यावर त्यांनी तांबट गल्लीतून पत्रा ठोकून आणला आणि माशाच्या तोंडासारखी निमुळती गाडी केली. टपाला पारदर्शक घुमट. इंजिन नव्हतं, मागून चार पैलवान वाकून ढकलायचे. सबनीस त्यांना सांगायचे, "भविष्यातली गाडी आवाज करत नाही, तेव्हा श्वास जरा धरा." स्वयंपाकघरात भिंतभर बटणं होती, ती एका मोडक्या बाजाच्या पेटीची. बर्फाच्या कपाटाचं दार हात न लावता उघडायचं, त्याच्या मागे दोरी धरून आणखी एक पैलवान. सगळ्या स्वयंपाकघरात खरी वस्तू एकच, कंपनीची विजेची शेगडी. पण बघणाऱ्याला वाटावं की आपण उद्यात पाऊल टाकलं. पुढे मी लोकांची पुष्कळ घरं पाहिली, संगमरवरी ओटे पाहिले. त्या प्लायवुडच्या घराची सर एकालाही नाही. माझ्या नवऱ्यानं बांधलं म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणूनही म्हणते.

आता मी त्यात कशी शिरले? मुंबईहून बोलावलेल्या बाईंना भाकरी येत नव्हती आणि सबनीसांना भाकरीच हवी होती. कंपनीचे साहेब, दलाल आडनावाचे, केक म्हणत होते. सबनीस म्हणाले, "साहेब, केक बघून कोल्हापूरकर टाळी देईल, शेगडी घेणार नाही." मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते. मी उंच, ताडमाडच म्हणायचे सगळे. आमच्या लग्नात ह्यांना पाटावर पाट देऊन उभं केलं होतं. सबनीसांनी मला बघितलं आणि म्हणाले, "पंच्याऐंशी सालची बाई अशीच असणार."

प्रश्न होता सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ठेंगण्याठुसक्या, आवाजानं मात्र गल्ली दणाणायची. सिनेमा म्हटल्यावर आता आकाशपाताळ एक होणार म्हणून आम्ही दोघं मान खाली घालून बसलो. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"भाकरीच थापायची हाय न्हवं? नाचायचं न्हाई?"

"न्हाई आई."

"मग जाऊ दे की. पर मीबी येतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो. "आणि काय गं, उभ्यानं सैपाक? घोडी हायस का तू?"

उभ्यानं रांधणं हे त्यांच्या लेखी खानावळीचं लक्षण. घरची बाई चुलीपुढं बसते. आणि आमच्या घरात चुलीपुढं जी बसेल तिचंच घर, हा नियम त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितला होता. मी त्यावर कधी वाद घातला नाही, कारण त्यामागचं मला ठाऊक होतं. त्यांच्या सासूचे पाय गेले तेव्हा तिला पुढच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, खाट टाकून दिली होती. ताट वेळेवर जायचं, पण आज काय करायचं, कुणाला बोलवायचं, मुलगी कुठं द्यायची, हे तिला पुन्हा कुणी विचारलं नाही. "सा वर्सं म्हातारी भिताडाकडं बघत बसली," आत्याबाई सांगायच्या. "मीच वाढायचो तिला. मीबी कधी विचारलं न्हाई."

आणि आता त्यांचे स्वतःचे गुडघे गेले होते. त्यांना वाटायचं कुणाला कळलेलं नाही. सकाळी एकदा चुलीपुढं बसल्या की दुपारपर्यंत उठायच्याच नाहीत. "पानी दे गं, मीठ दे गं," अशी माझी धावपळ चालायची, शेजारणी म्हणायच्या सासू काय राबवते! खरी गोष्ट अशी की त्यांना उठता येत नव्हतं. उठताना मी समोर नसावं म्हणून त्या मला काहीतरी निमित्त काढून परसात पाठवायच्या. मी जायची. दाराआड उभी राहून भिंतीला धरून त्यांना उठताना बघायची आणि मग पाय वाजवत आत यायची. त्यांचे गुडघे गेल्यापासून सोप्यातल्या त्या खाटेचं नाव आम्ही दोघींनीही तोंडातून काढलं नाही.

तर त्या दिवशी स्टुडिओत. ओटा माझ्या उंचीला आणायचा तर हिंदूरावाला अर्ध्या बैठकीत थांबावं लागे. तसा तो किती वेळ थांबणार? मी भाकरी थापायला लागले की प्रत्येक थापेला ओटा हलायचा आणि आतून "आई गं" ऐकू यायचं. भाकरीला चिरा पडायच्या. तो पूर्ण खाली बसला की ओटा दगडासारखा स्थिर, पण मग मला इतकं वाकावं लागे की माझा अंबाडाच कॅमेऱ्यात यायचा.

सबनीसांनी कपाळ पुसलं. "असं करू. यांचा चेहरा वेगळा घेऊ, ओटा वर ठेवून. थापणारे हात वेगळे घेऊ, ओटा खाली ठेवून. फक्त हात. पण त्याला बुटकी बाई पाहिजे."

"सरक," मागून आवाज आला.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पण सरळ सेटवर येतील तर त्या कसल्या! "पाय धुवायला पानी द्या," त्या म्हणाल्या. "सैपाकघरात तशीच शिरू व्हय?" लाकडाच्या फळ्या आणि पत्र्याचं ते स्वयंपाकघर, त्यात सकाळपासून पंधरा जण चपला घालून फिरत होते. सबनीसांनी बादली मागवली. सगळं युनिट थांबलं. आत्याबाईंनी पाय धुतले, हात धुतले, पदर खोचला आणि पंच्याऐंशी सालात पाऊल ठेवलं.

तेवढ्यात दलाल साहेब पुढं आले. माणूस वाईट नव्हता, पण कंपनीनं सांगितलेलं त्याला पाठ होतं. "सबनीस, ह्या कशाला? आपल्या घरात नवरा, बायको, दोन मुलं. म्हातारं माणूस नाही. भविष्य आहे हे."

"फक्त हात दिसतील, साहेब."

आत्याबाई परातीत पीठ घेत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग म्हातारी मानसं त्या घरातनं कुठं जातात म्हनायची?"

सबनीस कॅमेऱ्यात बघायला लागले. त्यांना कुठली खाट दिसत होती ते मला ठाऊक होतं.

ओट्याखालून आवाज आला, "आक्का, मी हाय की हितं खाली. तुमीबी ऱ्हावा."

सगळे हसले. आत्याबाईही हसल्या. "घे रं मग. बस नीट."

हिंदूराव खाली बसला. ओटा खाली आला, आणखी खाली, आणि बरोब्बर आत्याबाईंच्या कमरेशी येऊन थांबला. त्यांनी गोळा मळला आणि थापायला सुरुवात केली.

मी त्यांना दोन वर्षं भाकरी थापताना रोज बघत होते. पण त्यांचा हात गुडघ्याकडे जात नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. खांदे सैल, मान ताठ, पायांवर सारखा भार. भाकरी परातीत चांदासारखी गोल फिरत होती. तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, आणि टम्म फुगली. सबनीसांना हवं होतं ते केव्हाच मिळालं होतं, पण "कट" म्हणायचं त्यांना भान नव्हतं.

मग आत्याबाईंनी त्या पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला, तवा बाजूला सरकवला आणि जन्मभर केलं तेच केलं. पहिला घास चुलीला. शेगडीच्या लाल तारेवर त्यांनी तुकडा ठेवला आणि हाताच्या ओंजळीतलं पाणी भोवती फिरवून सोडलं.

फाट् असा आवाज झाला आणि सगळा सेट अंधारात गेला.

"अरे देवा!" दलाल साहेब.

"आक्का, हायसा का?" ओट्याखालून.

"हाय रं. इस्तूच इझला ह्यांचा." मग, जरा पडलेल्या आवाजात, "माझं काय चुकलं का?"

फ्यूज बदलून दिवे येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, हात ओट्यावर टेकून. मला वाटलं आता दलाल साहेब तोंडसुख घेणार. पण ते शेगडीपाशी गेले, तारेवरचा काळा पडलेला तुकडा त्यांनी बघितला आणि हळूच म्हणाले, "आमची आईसुद्धा ठेवायची. भाताचं शीत."

"मग कंपनीला सांगा की," आत्याबाई म्हणाल्या, "घासाला जागा ठेवा म्हनावं." आणि सबनीसांकडे वळून, "पीठ उरलंय. संपवू का?"

त्यांनी उरलेल्या सगळ्या भाकरी उभ्यानं थापल्या. सगळ्या युनिटनं त्या ठेच्याबरोबर खाल्ल्या. हिंदूरावाची त्यांनी कपाटाचं दार उघडून आत दिली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आत्याबाई चुलीपुढं बसायला गेल्या. मला परसात पाठवायला विसरल्या. अर्ध्यावर वाकल्या आणि तिथंच अडकल्या, ना खाली ना वर. मी धावले नाही. त्यांनी भिंत धरली, कशाबशा टेकल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"काय बघालीस?"

"काय न्हाई. मीठ देऊ?"

"दे."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी ह्यांच्याशी बोलले. सेट मोडायला निघालाच होता, लाकूड ह्यांचंच होतं. पण आत्याबाईंसाठी ओटा बांधला म्हटलं तर त्यांचे गुडघे गेले हे गल्लीला सांगितल्यासारखं होणार. मग त्या ओटा सोडतील, चूलही सोडतील, आणि आपण होऊन सोप्यात जाऊन बसतील. एवढी मानी बाई.

"मग कुनासाठी म्हनायचा?" ह्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी. सिनेमानं डोकं फिरलं म्हना माझं."

हे हसले. मग गंभीर झाले. "उंची किती घ्यायची?"

उंची कुणीच मोजली नव्हती. ती फक्त एका माणसाच्या मानेला माहीत होती.

शुक्रवारी आत्याबाई अंबाबाईला गेल्या आणि ह्यांनी हिंदूरावाला घरी बोलावलं. तो आमच्या स्वयंपाकघरात मध्यभागी उकिडवा बसला. ह्यांनी त्याच्या मानेवर फळी ठेवली.

"त्या दिवशी बसला हुतास तसाच बस, गड्या. छाती फुगवू नगोस."

"तसाच बसलोय. आक्का थापताना मान जराशी डावीकडं हुती."

ह्यांनी जमिनीपासून फळीपर्यंत सुतळी धरली आणि तोडली. दुपारपर्यंत ओटा उभा राहिला. पंच्याऐंशी सालचंच लाकूड, वरचा पांढरा रंगसुद्धा तोच. कोळशाची शेगडी त्यात बसवली.

आत्याबाई देवळातून आल्या, हातात प्रसादाची पुडी. दारात थबकल्या.

"ह्यो कुनासाठी?"

"माझ्यासाठी, आत्याबाई. आता बसून भाकरी थापायला नको वाटतं मला. उभ्याची सवय लागली."

"एका दिवसात?"

"व्हय."

त्यांनी ओट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत. मला वाटलं आता हात उगारतात. पण त्या दारात गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या सिनेमावालीला बसवत न्हाई आता! उभ्यानं रांधनार म्हनं! दिनकऱ्यानं वटा बांधून दिलाय!"

झालं. महिनाभर माझी नळावर टिंगल चालली. कुणी मला घोडी म्हणालं, कुणी मडमीण. मी हसून घ्यायची. इकडे घरात आत्याबाई मला थापू द्यायच्या नाहीत. "हिला उभ्यानं जमत न्हाई, सगळ्या पापडावानी करती," असं म्हणत स्वतःच ओट्याशी उभ्या राहायच्या. आता पाणी लागलं तर स्वतः जाऊन घ्यायच्या, मीठ स्वतः काढायच्या, मध्येच दारात जाऊन शेजारणीशी भांडूनही यायच्या. क्वचित माझी पाळी आली तर मी कमरेत वाकून, कळ सोसत थापायची.

चित्रपट पावसाळ्यानंतर लागला. आम्ही सगळे गेलो. आत्याबाई, हे, मी, हिंदूराव आणि त्याची अख्खी तालीम. पडद्यावर ती माशासारखी गाडी अशी तरंगत आली की थिएटरभर शिट्ट्या झाल्या. आमच्या रांगेतले चार पैलवान मात्र श्वास धरून बसले होते, अजूनही. मग स्वयंपाकघर आलं. दिवे आपोआप लागले, कपाट उघडलं, ओटा वर आला. लोक "अरारा" म्हणाले. मी पडद्यावर हसत होते, गोरी दिसत होते. नंतर हात आले. कोपरापर्यंत फक्त हात, भाकरी गरगर फिरवणारे. टाळी पडली ती तिथं.

आत्याबाईंनी शेवटपर्यंत वाट बघितली. कोपराच्या वर काहीच आलं नाही. शेगडीला घास दिल्याचंही आलं नाही. निवेदक म्हणाला, "असं असेल उद्याचं सुखी घर," आणि नवरा, बायको, दोन मुलं दिसली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्याशी उभ्या होत्या. मी पीठ चाळून दिलं. माझा हात नकळत कमरेवर गेला असावा.

"दुखतीया?"

"न्हाई, आत्याबाई."

"दुखनारच." त्यांनी गोळा मळायला घेतला. "तुझ्यासाठी बांधला म्हनालीस. तुझ्या मांडीला लागतोय त्यो. तुझ्या उंचीला वीतभर तरी वर घ्यायचा हुता. एवढं मला कळत न्हाई व्हय?"

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. फुगली. उतरवून त्यांनी तुकडा मोडला आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर ठेवला.

"त्या शिनेमात म्हातारी न्हाई ते बराबरच हाय," त्या म्हणाल्या. "ते घर परक्यांसाठी बांधलेलं."

मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, फुंकर घालून निववला आणि माझ्या हातात ठेवला.

"पयला चुलीला. ह्यो तुला. खा."

मी खाल्ला. त्या जिवंत होत्या तोवर, पंच्याऐंशी साल उजाडलं त्या दिवशीसुद्धा, आमच्या घरातला दुसरा घास माझा होता.